स्केल मॉडेलसाठी रोटरी टूल: वॉट बघायचे की वेग?

सुटे_भाग:
१/३५ चे रणगाडे आणि १/७२ ची विमानं करतो. बहुतेक पोलिस्टायरीन किट, मधूनमधून रेझिनचे भाग, थोडी पितळी तार. आतापर्यंत पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल), सुरी आणि पॉलिश पेपरवर भागलं. आता रोटरी टूल (ड्रिल, डिस्क वेगाने फिरवणारं हातातलं छोटं यंत्र) घ्यायचंय, तीन कामांसाठी: १ मिमीच्या आसपासची भोकं, लोहचुंबक बसवायला ३ ते ५ मिमीचे खड्डे, आणि रेझिनच्या भागांना चिकटून येणारे ओतकामाचे ठोकळे काढणं. १३०-१७५ वॉटचं थेट प्लगवरचं घ्यावं, १२ व्होल्टचं छोटं, की बॅटरीचं? ३५,००० आरपीएमची (मिनिटाला फेरे) गरज पडते का?

बारीक_बर:
३५,००० विसरा. टूल कमीत कमी किती वेगाने फिरतं ते आधी बघा.

पोलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि घर्षणाने तेवढं तापायला वेळ लागत नाही. २२ मिमीची कटिंग डिस्क २०,००० आरपीएमवर फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होतो. ५,००० वर तोच ६ मीटरच्या आत राहतो. पहिल्या वेगाला प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळतं, फटीच्या दोन्ही कडांना साचतं आणि थिजलं की डिस्क पकडून ठेवतं. १ मिमीच्या ड्रिलचं गणित वेगळं. ५,००० वर त्याच्या कडेचा वेग जेमतेम पाव मीटर, पण किस खोबणीतच अडकून राहिला की तोच तापून वितळतो. म्हणून दर १-२ मिमीला ड्रिल बाहेर काढून किस झटकायचा. आत थिजलंच तर ओढू नका. टूल बंद करून कोलेट (ड्रिलचा दांडा आवळून धरणारी बाही) सैल करा, ड्रिल भागातच राहू द्या आणि मग पकडीने उलटं फिरवून काढा.

ड्रेमेल ३००० सुरूच १०,००० ला होतं, तुमच्या कामाला ते जास्त. ड्रेमेल ४००० हे ५,००० पासून ३५,००० पर्यंत जातं आणि भार आला तरी वेग टिकवणारं सर्किट त्यात आहे. हे सर्किट महत्त्वाचं. ते नसलेल्या टूलचा वेग कमी केला की जोरही पडतो, बर (कोरायचं दातेरी टोक) प्लास्टिकला टेकताच दम सोडतो, मग आपण वेग वाढवतो आणि पुन्हा वितळवतो. शिवाय मोटर गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मंद वेगात दाबून काम केलं की टूल लवकर तापतं. मध्ये मध्ये मोकळं फिरू द्या.

माझा कौल १२ व्होल्टच्या छोट्या टूलला. प्रॉक्सॉनचं मायक्रोमोट ५०/ई ४० वॉटचं आहे, ५,००० पासून सुरू होतं, ट्रान्सफॉर्मर वेगळा असल्याने हातात हलकं आणि बारीक लागतं. ४० वॉट ऐकून नाक मुरडू नका; तुमच्या तिन्ही कामांना पुरून उरतात.

टूलसोबत कोणत्या मापांची कोलेट येतात ते तपासा. बहुतेक बरचा दांडा २.३५ किंवा ३.२ मिमीचा असतो; २.३५ चा २.४ च्या कोलेटमध्ये बसतो. ३.२ मिमीपर्यंतची वेगवेगळी मापं जबड्यांनी पकडणारा चक सोयीचा खरा, पण बारीक ड्रिल त्यात कोलेटपेक्षा जास्त थरथरतं.

हलका_हात:
वरच्याशी सहमत, पण एक पर्याय राहिला. दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळेत वापरतात तो मायक्रोमोटर: कंट्रोल बॉक्स टेबलावर, हातात फक्त जाड पेनाएवढा हँडपीस, वेग पायाच्या पेडलने. चुंबकाचे खड्डे आणि रेझिनवरचं कोरीवकाम यात जास्त नेमकं होतं.

मर्यादा अशा. तो साधारण २.३५ चाच दांडा घेतो. मोठी डिस्क लावून बाजूने जोर दिला की बेअरिंग जातात. फिरता असताना उलट दिशेचं बटण दाबायचं नाही. उलट फिरवताना मँड्रेलचा (डिस्क बसवायच्या दांड्याचा) स्क्रू सैल होऊन डिस्क सुटू शकते. काम संपल्यावर हँडपीसमध्ये एखादा बर किंवा कोरा दांडा अडकवून ठेवा, चक रिकामा ठेवू नका.

खड्ड्यासाठी: आधी सुईने केंद्र टोचा, १ मिमीचं मार्गदर्शक भोक पाडा, मग चुंबकापेक्षा लहान गोल बरने आत शिरा आणि शेवटी सपाट तळाच्या बरने ०.१ मिमी सैल माप करा. अगदी घट्ट ठेवलात तर सुपरग्लूला जागा उरत नाही.

धूळधाण:
ठोकळे काढायला रोटरी टूल पहिल्यांदा उचलू नका. डिस्क अर्ध्या मिलिमीटरहून जास्त माल खाते. बारीक करवत त्याच्या निम्म्याहून कमी. करवतीने कापा, उरलेला उंचवटा ओल्या पॉलिश पेपरवर घासा. टूल लावायचंच तर एन-९५ दर्जाचा किंवा त्याहून चांगला मास्क आणि बंद चष्मा दोन्ही हवेत. रेझिनची धूळ बारीक असते आणि कटिंग डिस्क तिरकी झाली की तुकडे होऊन उडते. डिस्कवर छापलेला कमाल वेग टूलच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा.

कार्बाइडची पीसीबी (सर्किट बोर्डची) ड्रिल हातात धरलेल्या टूलवर लावू नका. किंचित तिरकी झाली की कट्‌कन मोडतात. त्यांना स्टँड हवा. हातकामाला एचएसएस (हायस्पीड स्टील).

सुटे_भाग:
१२ व्होल्टचंच घेतो. टूल हातात आल्यावर थरथर नेमकी कोलेटमुळे आहे की बरमुळे, हे कसं ओळखायचं?

बारीक_बर:
सरळ, जाड दांड्याचा बर लावा, १०-१२ मिमीच बाहेर ठेवा. जास्त बाहेर काढला तर चांगलं टूलही थरथरेल. बरच्या दांड्याशेजारी एक सुई घट्ट रोवा, टूल बंद ठेवून स्पिंडल (कोलेट बसतं तो टूलचा फिरता दांडा) हाताने फिरवा आणि दांडा सुईच्या सर्वांत जवळ येतो तिथे बरच्या दांड्यावर व नटमागच्या स्पिंडलवर पेनने खूण करा. आता कोलेट सैल करून फक्त बर पाव फेरा फिरवा, पुन्हा आवळा. उंच बाजू दांड्यावरच्या खुणेसोबत सरकली तर बर वाकलाय. स्पिंडलवरच्या खुणेपाशीच राहिली तर कोलेट काढून आतला कचरा पुसा आणि पुन्हा तपासा. तरीही तिथेच असेल तर दुसऱ्या मापाचं कोलेट व त्यात बसणारा बर लावा. त्यातही तेच दिसलं तर दोष स्पिंडलमध्ये, टूल परत करा.