मोटारी भरणाऱ्याने पेन्शनची सोय कशी करावी?

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी. तासगावजवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय ४३. जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. बहुतेक सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात सोडायच्या पंपाच्या मोटारी, अधूनमधून पंखे नि मिक्सर. फेब्रुवारी ते मे जेवायला फुरसत नसते, कारण व्होल्टेज खाली गेलं की बागांतल्या मोटारी पटापट जळतात. पाऊस लागला की मी आणि हाताखालचा पोरगा रेडिओ ऐकत बसतो.

वडीलही हेच काम करायचे. साठी उलटली आणि हात थरथरायला लागले. मिक्सरच्या मोटारीची केसासारखी तार बोटांत तुटायची. तीन-चार वेळा तुटली की तसेच उठायचे आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. मला आत्ताच चाळिशी लागली आहे, वेढे मोजताना आकडा चुकतो नि पहिल्यापासून मोजावं लागतं. म्हणून हा धागा.

चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका एजंटाने 'पेन्शन पॉलिसी' गळ्यात मारली. वर्षाला ५० हजार, तेही सप्टेंबरात! दोन हप्ते भरले. तिसऱ्या वर्षी अवकाळीने बागा झोपवल्या, माझी उधारी शेतातच राहिली, हप्ता चुकला. भरलेल्या लाखातलं किती परत मिळालं ते इथे लिहायची लाज वाटते.

आता एक मित्र म्हणतो एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घे, ५० हजारांवर कर वाचतो. बँकेत अटल पेन्शनचं विचारलं तर म्हणाले, चाळिशीच्या आत यायला हवं होतं. बायको ३८ची आहे, घरी ब्लाउज शिवते. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरणं मला जमणार नाही, हे आधीच सांगतो. थोरला भाऊ म्हणतो, 'दुकान हीच तुझी पेन्शन.' काय करावं?

हिशेबनीस_मिरज

दादा, मी तुमच्यासारख्याच दुकानदारांची रिटर्न भरते, म्हणून आधी कराचं बोलते. ती ५० हजारांची जादा वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत नोकरदाराला मालकाने भरलेल्या रकमेवर सवलत आहे, पण तुमचे मालक तुम्हीच, म्हणजे शून्य. आणि २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. तुमचा निव्वळ नफा त्याच्या आत असणार, असं धरते. मग जो कर भरायचाच नाही तो वाचवायचा कसा? 'कर वाचतो' म्हणून कुणी काही विकायला आलं की चहा पाजून वाटेला लावा.

तरीही तुमच्यासाठी एनपीएस वाईट नाही, पण कारण वेगळं आहे. त्यात सप्टेंबरचा हप्ता नाही. वर्षाला किमान १,००० रुपये टाकले की खातं चालू. मेमध्ये ४० हजार टाका, जुलैत काही टाकू नका, कुणी विचारणार नाही. आधार आणि पॅन असलं की घरबसल्या उघडता येतं, १२ आकडी प्रान नंबर, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, मिळतो. एक लक्षात ठेवा, पैसा साठीच्या आसपासपर्यंत अडकतो. तीन वर्षांनंतर मुलांचं शिक्षण, लग्न, घर, आजारपण अशा कारणांसाठी तुम्ही भरलेल्यातले २५ टक्केच काढता येतात. पूर्वी साठीला जमलेल्या रकमेतल्या ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीला देऊन आयुष्यभराची पेन्शन घेणं, सक्तीची होती. डिसेंबर २०२५ मध्ये नियम बदलले, आता मोठ्या रकमेतही बिगरसरकारी खातेदाराला २० टक्क्यांचीच सक्ती आहे.

आकडे सांगते, पण बसून वाचा. महिन्याला सरासरी ५ हजार, १७ वर्षं, ९ टक्के परतावा धरला तर साधारण २४ लाख जमतात. सगळ्याची अ‍ॅन्युइटी घेतली आणि दर साडेसहा धरला तर महिन्याला १३ हजार. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे ४,८०० रुपये. एवढ्यात दोघांचा किराणा आणि गॅस. तेव्हा सरासरी वाढवावी लागेल.

वहिनींचं मात्र या आठवड्यातच करा. त्या स्वतः आयकर भरत नसतील तर अटल पेन्शन मिळेल. ऑक्टोबर २०२२ पासून करदात्यांना ती बंद आहे. ३८व्या वर्षी ५ हजारांच्या पेन्शनला महिना १,१९६ रुपये पडतात. हप्ता सहामाहीही ठेवता येतो. साठीनंतर त्यांच्या माघारी तीच पेन्शन तुम्हाला.

थेट_इक्विटी

एनपीएस वगैरे सगळा कचरा. इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दर महिन्याचा ठरावीक हप्ता, लावा आणि विसरून जा.

जुना_शिंपी

एसआयपी लावून विसरायला दर महिन्याला पगार लागतो हो. प्रश्न वाचला का?

तांब्याची_तार, मी ६७चा. इचलकरंजीत ३५ वर्षं शिवणकाम केलं. भाऊ म्हणतात त्या 'दुकान हीच पेन्शन'बद्दल सांगतो. जागा भाड्याची होती. साठीला सोडताना मला वाटलं, एवढी गिऱ्हाइकं आहेत, नव्या माणसाकडून चार पैसे सुटतील. तो आला, मशीन बघितली, म्हणाला, 'काका, ही घेऊन जा, मला मोटरवाल्या हव्यात.' गिऱ्हाइकं माझ्या हाताची होती, माझ्याबरोबरच गेली. तुमची जागा स्वतःची असेल तर भाडं तरी येईल. ते लिहिलं नाहीत.

मला तारलं पोस्टातल्या पीपीएफने (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी). १५ वर्षं, मग पाच-पाच वर्षं वाढवत नेलं. सध्या व्याज ७.१ टक्के, वर्षाला ५०० भरले तरी खातं जिवंत. पाच तारखेच्या आत भरायचं, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. दिवाळीनंतर एकदा सहा तारखेला गेलो, तर खिडकीमागच्या बाई हसल्या. धंदेवाल्यासाठी आणखी एक गोष्ट, घेणेकरी कोर्टात गेला तरी पीपीएफवर जप्ती येत नाही. आज १० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २०,५०० येतात. श्रीमंती नाही, पण मुलाकडे हात पसरत नाही.

आणि दवाखान्याचा विमा पेन्शनच्या आधी. माझ्या बायपासने निम्मी पुंजी खाल्ली असती.

तांब्याची_तार

सगळ्यांचे आभार. काका, जागा आमचीच आहे, पण आठ बाय दहा. भाडं काय येणार!

परवा ताईंचा प्रतिसाद वाचता वाचता कोपऱ्यातल्या गोणीकडे लक्ष गेलं. जळालेल्या मोटारीतून जुनी तार निघते, मजुरी ठरवतानाच ती माझ्याकडे राहते. सीझनभर साठते, मेअखेर भंगारवाला वजन करून नेतो. ते पैसे कुठे जातात ते मला आजवर कळलेलं नाही. ठरवलंय, तारेचे पैसे एनपीएसमध्ये, दुकानातून जमेल ते पीपीएफमध्ये. प्रान नंबर आला. बायकोचा फॉर्म सोमवारी. सहामाही हप्ता म्हटल्यावर तिने आधी लग्नसराईचे महिने मोजले. विम्याचं उद्या विचारतो.

वडिलांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तार कितीने घेतली त्याने?' भाव सांगितला, तर म्हणाले, 'फसवलं. वार्निश जाळून दिली असतीस तर जास्त आले असते.'