प्रवासनोंदींचे ॲप: घरातील चाचणीत पसंत पडले, गडावर मात्र कोणी उघडलेच नाही

प्रश्न (तोलारखिंड)

नमस्कार. आम्ही तिघे मित्र गेले आठ महिने प्रवासातील रोजच्या नोंदी ठेवण्यासाठी मोबाइल ॲप तयार करत आहोत. मे महिन्यात पाच ओळखीच्या भटक्यांना घरी बोलावून त्याची चाचणी घेतली. नवीन नोंद करणे, फोटो जोडणे, जुनी नोंद शोधणे ही कामे सर्वांनी न अडखळता केली आणि ॲप वापरायला किती सोपे वाटले हे मोजणाऱ्या ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ या दहा विधानांच्या प्रश्नावलीत १०० पैकी सरासरी ८१ गुण मिळाले. त्यानंतर तेच पाच जण आमच्याबरोबर हरिश्चंद्रगडावर आले. खिरेश्वरकडून चढलो, रात्री वर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरलो. दोन दिवसांत पाच जणांच्या मिळून फक्त तीन नोंदी झाल्या, त्यातल्या दोन परतीच्या गाडीत. फोटो मात्र चारशेच्या वर निघाले. विचारले तर प्रत्येक जण म्हणतो की ॲप छान आहे, पण वेळ मिळाला नाही. आमची रचना चुकली की चाचणी?

प्रतिसाद १ (पायवाट)

मला चाचणी चुकली असे वाटते. समोर बसवून ‘नोंद करा’ असे सांगितले की माणूस नोंद करतोच. त्यातून बटण सापडते एवढेच कळते, लिहावेसे वाटते का हे कळत नाही. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या त्या प्रश्नावलीत ६८ च्या आसपासचे गुण सरासरी मानले जातात, तेव्हा तुमचे ८१ चांगलेच आहेत, पण ते नुकतेच हाताळलेले काम सोपे वाटले का याचे गुण आहेत. चाचणीला पाच जण पुरतात हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांचे २००० सालचे म्हणणेही अनेकदा अर्धेच उचलले जाते. पंधरा जण मिळणार असतील तर पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा, असा त्यांचा सल्ला होता.

मी स्वतः अशाच एका ॲपसाठी भर पावसाळ्यात एका गटाबरोबर चालले होते. एका ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला, पण ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. ओढणीने दोनदा पुसून पाहिले, तिसऱ्यांदा भलतेच पान उघडले आणि त्यांनी फोन परत पिशवीत टाकला. त्याच ताईंनी संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना मैत्रिणीला त्या दिवसाची हकीकत इतकी रंगवून सांगितली की मला ती तशीच्या तशी टिपून घ्यावीशी वाटली. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, फक्त ते चालताना टंकता येत नव्हते.

म्हणून ‘वेळ मिळाला नाही’ या उत्तरावर थांबू नका. कोकणकड्यावर बसलात तेव्हा फोन कुठे होता, शेवटचा केव्हा बाहेर काढला, कशासाठी काढला, असे घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. मत विचारले की माणसे तुमचे मन राखतात.

प्रतिसाद २ (रेंजबाहेर)

ते चारशे फोटो हीच तुमच्या नोंदींची सुरुवात समजा. मूळ फोटोत वेळ असते आणि कॅमेऱ्याला परवानगी दिली असल्यास ठिकाणही असते, त्यामुळे दिवसाचा आराखडा ॲपनेच मांडावा आणि माणसाने त्याखाली एखादी ओळ लिहावी. यात दोन अडचणी येतील. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते, म्हणून मित्राने धाडलेला फोटो चुकीच्या दिवशी जाऊन बसतो. शिवाय अँड्रॉइड १० पासून फोटोतील ठिकाण वाचण्यासाठी ॲपला वेगळी परवानगी लागते. ती पहिल्याच पडद्यावर मागू नका, नकाशा उघडताना मागा.

गडावर रेंज नसली तरी जीपीएस चालते, फक्त पहिल्यांदा ठिकाण सापडायला जास्त वेळ लागू शकतो. नोंद आधी फोनमध्येच साठवा आणि ‘जतन झाली’ हा संदेश त्याच क्षणी द्या. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणारे चक्र फिरत राहिले की माणसाचा भरवसा उडतो.

तोलारखिंड

दोघांचेही मनापासून आभार. पायवाटताईंनी सुचवलेले प्रश्न काल पाचही जणांना विचारले. एकीने सांगितले की पाचनईहून निघाल्यावर रेंज येताच तिने आईला व्हॉट्सॲपवर लांबलचक संदेश लिहिला होता. तो तिने आपणहून दाखवला. गुहेतला गारवा, रात्रीचा वारा, पायात आलेला गोळा, सगळे त्यात होते. ती लिहीत होती, फक्त आमच्या कोऱ्या पानावर नव्हे, आईला. आता संध्याकाळी उघडणाऱ्या पडद्यावर दिवसाचे फोटो, त्याखाली ‘आज घरी काय सांगाल?’ एवढाच प्रश्न आणि एक मोठे माइकचे बटण ठेवून पुढची फेरी घेणार आहोत.

रेंजबाहेर

माइक ठेवणार असाल तर आवाजाचे लगेच मजकुरात रूपांतर करण्याच्या मागे लागू नका. मराठीसाठी ते बऱ्याच फोनवर इंटरनेटशिवाय चालत नाही. गडावर फक्त आवाज साठवा आणि रेंज आल्यावर मजकूर करून दाखवा. मूळ आवाज मात्र पुसू नका.