मदत हवी आहे: जाऊबाईंना थायरॉइड कॅन्सर, बोअरच्या पाण्याचा संबंध असेल का?

नमस्कार मंडळी,

मोठ्या जाऊबाईंच्या गळ्याला गाठ लागत होती. एफएनएसीत (सुईनं पेशी काढून केलेल्या तपासणीत) पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला, थायरॉइड पूर्ण काढली. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडलाय. उपचारांबद्दल शंका नाही.

प्रश्न घराचा आहे. सासर कोकणात, केमिकल एमआयडीसीच्या खालच्या अंगाला. पऱ्ह्याला फेस येतो, रात्री उग्र वास सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या. प्यायला बोअरचं पाणी. आळीत थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, पण त्या हल्ली कुठे नसतात! सासूबाईंनी मात्र निकाल लावूनच टाकलाय, "पाण्यानंच झालं."

मी वाचलं त्यात पक्कं ठरलेलं बाहेरचं कारण एकच, लहानपणी झालेला किरणोत्सर्ग. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर दुधातून किरणोत्सर्गी आयोडिन-१३१ पोटात गेलेली मुलं, वगैरे. रसायनांचं एवढं स्पष्ट नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात टेफ्लॉनच्या कारखान्यातलं पीएफओए हे रसायन पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं २०१२ मध्ये थायरॉइडच्या आजाराशी संबंध संभवतो म्हटलं, पण कॅन्सर धरले ते मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा. म्हणजे थायरॉइड बिघडणं वेगळं आणि त्याचा कॅन्सर वेगळा, असंच ना?

जाऊबाईंची ९ वर्षांची मुलगी तेच पाणी पिते. तिची आत्ताच सोनोग्राफी करावी का? आणि पाणी कशाकशासाठी तपासायचं? लॅबनं टीडीएस, क्लोराइड, जंतू एवढंच बघून 'पिण्यायोग्य' लिहून दिलंय.

प्रतिसाद १
हो, दोन्ही वेगळं. सोनोग्राफीची घाई नको. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या मानेची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली, २०११ पर्यंत निदानं १९९३ च्या पंधरापट झाली, त्यानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं, म्हणजे एरवी त्रास न देणाऱ्या गाठीच जास्त सापडल्या. घरात आणखी कुणाला हा कॅन्सर आहे का, हे डॉक्टरांना सांगा आणि मुलीची मान हातानं तपासून घ्या. पुढचं ते ठरवतील.

प्रतिसाद २
ताई, नेहमीच्या पॅकेजमध्ये पीफास (पीएफओए ज्यातलं एक, तो रसायनांचा गट) आणि सॉल्व्हंट (कारखान्यात वापरतात ती विरघळवणारी रसायनं) येतच नाहीत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला आधी फोन करून हे करता का विचारा, बाटल्या त्यांच्याकडूनच मागवा. तोवर मुलीला आरओचं पाणी द्या, पीफास बरंच कमी होतं. उकळून ते जात नाही. रिपोर्टवर 'आढळले नाही' आलं तर किती मात्रेपर्यंत मोजलं, तेही लिहून घ्या.