कॉइल बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा

गाडी स्टार्ट होते, चार-पाच मिनिटं चालून बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी थेट कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) बदलायला सांगितलंय. कॉइल तापून दगा देते हे खरं, पण आधी फुकटातली तपासणी करा की राव.

गाडी बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा जोरात आत ओढली गेली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. थांबलं की हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते. माझ्या कार्बोरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग) गाडीत मी प्लग, फिल्टर, पंपाचा डायफ्राम सगळं बदलून बसलो आणि शेवटी निघालं हे! बायको अजून टोमणे मारते.

तसं नसेल तर झाकण घट्ट लावून, इंजिन गार व्हायच्या आत प्लगची ठिणगी बघा. ठिणगी कडक निळी असेल तर इंधनाकडे वळा, मरतुकडी असेल तर कॉइलवाले बरोबर. गार झाल्यावर तपासून उपयोग नाही. मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते.

आणि हो, चोक (गार इंजिन सुरू करताना ओढतो ती कळ) आत ढकलल्यावरच बंद पडते का? मग कार्बोरेटरखालचं गॅस्केट, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि स्लो जेट (इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) बघा.