प्रति : दिसायला सारखे, अर्थाने वेगळे

दोन भाषांत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असलेले शब्द, असा इथल्या चर्चेचा विषय. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीतली म्हणजे दंड, हे उदाहरण त्यात आधीच कुणीतरी दिलंय. मला त्यात आमच्या नागपूरचा ‘बे’ टाकायचाय. ‘काय करून राह्यला बे?’ हे इथलं रोजचं बोलणं. बाहेरच्यांना ते उद्धट वाटतं, पण बरोबरीच्या मित्रालाच म्हणतात. वडीलधाऱ्यांना चुकूनही नाही. हाच ‘बे’ गुजरातीत म्हणजे दोन. आणि आपल्याकडे? बोलताना आपण दोन म्हणतो, पण पाढा मात्र ‘बे एके बे, बे दुणे चार’! संस्कृत ‘द्वे’ प्राकृतात ‘बे’ झाला, तो पाढ्यात टिकून राहिला. बारा, बावीस, बत्तीस, बावन्न यांतला ‘ब’सुद्धा त्याच घरचा. बेवारस, बेशिस्तमधला ‘बे’ मात्र फारसीतून आलेला, अर्थ ‘विना’. एका अक्षरात तीन वेगळे शब्द, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणखी एक. लहानपणी नागपूर स्टेशनवर तमिळनाडू एक्स्प्रेसच्या खिडकीतून एक बाई रिकामी बाटली पुढे करून ‘पाल, पाल’ म्हणत होत्या. मी आधी डब्याच्या भिंतीकडे पाहिलं. मग त्यांच्या मांडीवरचं रडणारं बाळ दिसलं. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध! भिंतीवरच्या पालीला ते ‘पल्ली’ म्हणतात, आणि संस्कृतातही पल्लीच. तसंच ‘ऊर’ : आपली छाती, त्यांचं गाव.

तेलुगू, छत्तीसगढीतले असे शब्द कुणाला माहीत असतील तर नक्की लिहा.