वाचनालयाची मेंबरशिप ठेवू की अनामत परत घेऊ?

नौपाडेकर:
बारा वर्षं एका वाचनालयाचा मेंबर आहे. काल देवघेवीच्या काउंटरवर एक कादंबरी मागितली तर म्हणे नाव लिहून ठेवा, आली की फोन करू. मागच्या वेळचा फोन अजून यायचाय! घरी येईपर्यंत मोबाईलवर विकत घेऊन तीस पानं वाचून पण झाली. माहितीच हवी तर विश्वकोश नेटवर फुकट आहे, मग वर्गणी भरायची कशाला?

जुनी_पानं:
कादंबरीचं ठीक आहे हो दादा. पण माझ्या पणजोबांनी एक पुस्तक छापलं होतं असं घरात सगळे म्हणायचे, नाव कोणालाच माहीत नाही. एआयला विचारलं तर त्याने नाव, प्रकाशक, साल सगळं बिनधास्त ठोकून दिलं. ग्रंथालयातल्या मॅडमनी काही न बोलता दाते सूची काढली, 1800 ते 1937 मधल्या मराठी पुस्तकांची, त्यात एआयवालं पुस्तक कुठेच नाही आणि पणजोबा मात्र सापडले, आडनाव जरा वेगळं छापलेलं पण तेच. अंगावर काटा आला.

नौपाडेकर:
भारीच. पण त्या मॅडम रिटायर झाल्यावर?

घोडबंदरवाला:
सूचीबिची सोडा. 1893 ला मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं तेव्हा ठाणं तलावपाळीच्या आसपासच होतं, आता पार गायमुखपर्यंत पसरलंय. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून पुस्तक बदलायला कोण येणार? सोसायटीच्या क्लबहाऊसला महिन्यातून दोनदा पुस्तकांची पेटी पाठवा, यादी व्हॉट्सॲपवर टाका.

ऐरोलीकर:
एमपीएससीवाल्यांना पण विचारा कधीतरी. घरी टीव्ही चालू, पाहुणे, लहान भाऊ. सकाळी सातला जाऊन खुर्चीवर पिशवी ठेवतो तेव्हा जागा मिळते. आम्हाला पंखा, चार्जिंग पॉइंट आणि शांतता हवी, बाकी काही नको.

जुनी_पानं:
ती अभ्यासिका झाली, ग्रंथालय नव्हे. तुम्ही आपापली गाईडं घेऊन बसता, कपाटाकडे ढुंकून बघत नाही.

ऐरोलीकर:
कपाटाला कुलूप असतं ताई. चावी मागितली तर "कुठलं पुस्तक ते आधी सांगा". न बघता कसं सांगू?

जुनी_पानं:
हे मात्र खरं. पुस्तकं वापरासाठी असतात हा ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांचा पहिलाच नियम, 1931 चा, आणि आपण अजून चाव्या सांभाळतोय.

नौपाडेकर:
ती दाते सूची घरी देतात का हो?

जुनी_पानं:
मला तरी नाही दिली. तिथेच बसून बघा, वही न्या.