'एंजल' मुळात कोण? निरोपाचे काही ग्रीक शब्द

प्रश्न : 'एंजल' हा शब्द ग्रीक 'आंगेलोस'वरून आला, असं वाचलं. ग्रीकमध्येही त्याचा अर्थ देवदूतच होता का? 'इव्हँजेलिस्ट'शी (ख्रिस्ती धर्मप्रचारक) त्याचं नातं आहे का?

उत्तर : देवदूत हा नंतरचा अर्थ. होमरच्या काव्यांत आंगेलोस म्हणजे निरोप्या, मग तो माणूस असो की देव. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणताना 'मलाख'साठी हाच शब्द घेतला, कारण मलाखही निरोप्याच. वाटणी केली ती लॅटिन बायबलने : स्वर्गातून आलेला तो 'आंगेलुस', माणसांतला तो 'नुंतिउस'.

'इव्हँजेलिस्ट' त्याच घरातला, 'एवांगेलिओन'पासूनचा. त्याचा अर्थ 'चांगली बातमी' असा सरसकट देतात, पण होमरच्या 'ओदिसी' महाकाव्यात तो बातमी आणणाऱ्याला मिळणारं बक्षीस असा आहे. 14व्या सर्गात भिकाऱ्याच्या वेशातला नायक ओदिस्सेउस स्वतःच्याच डुकरं राखणाऱ्या युमायसला ओळख न देता सांगतो, की तुझा धनी परत येतोय. तो घरी पोचला की या बातमीबद्दल मला चांगले कपडे दे, पण त्याआधी काहीही घेणार नाही. हे कपडे म्हणजे एवांगेलिओन! खुशखबर आणणाऱ्याचं तोंड गोड करायची आपली रीत याच जातीची. बक्षिसाचा अर्थ मागे पडून बातमीचा पुढे आला, आणि मराठी ख्रिस्ती लेखनात त्याचं 'शुभवर्तमान' झालं. मला हा प्रतिशब्द फार नेमका वाटतो.

प्रश्न : 'आंगारोस'ही याच कुळातला ना? कुणी 'अंगिरस'शीही जोडतात.

उत्तर : उच्चार जुळतो म्हणून जोडतात, पण यातलं एकही नातं सिद्ध झालेलं नाही. आंगारोस म्हणजे इराणी बादशहाचा घोडेस्वार जासूद. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस आपल्या इतिहासाच्या आठव्या ग्रंथात या डाकव्यवस्थेचं वर्णन करतो : जितक्या दिवसांची वाट, तितके घोडे नि स्वार. बर्फ, पाऊस, ऊन, रात्र, काहीही आडवं आलं तरी स्वार आपला टप्पा पुरा करायचा. एस्किलसच्या 'आगामेम्नोन' नाटकात (इ. स. पू. 458) ट्रॉय पडल्याची खबर डोंगरामागून डोंगर पेटवत येते, तिथे त्या जाळालाच त्याने आंगारोस म्हटलंय.

पण सरकारी टपालासाठी लोकांची जनावरं आणि माणसं जबरदस्तीने घेतली जायची, म्हणून 'आंगारेइआ' म्हणजे वेठ असा अर्थ रुळला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मराठी बायबल 'वेठीस धरणे' म्हणतं, तिथे मूळ क्रियापद याच शब्दाचं आहे. आजच्या ग्रीकमध्ये 'आंगारिया' म्हणजे गळ्यात पडलेलं कंटाळवाणं काम. सैनिकाच्या वाट्याला आलेली स्वयंपाकघराची साफसफाईसुद्धा आंगारियाच.